मॅगट म्हणजे अळी आणि लहर

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका छापखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. जुन्या इंग्रजी शब्दकोशांची स्कॅन केलेली पानं यायची. मशीनने वाचलेला मजकूर मूळ पानाशी ताडून बघायचा, हे माझं काम. पहिल्याच महिन्यात माझ्या वाट्याला आले ते लहरींचे आणि कल्पनांचे शब्द, आता कुणीच वापरत नाही असे. त्यात 'मॅगट' होता. मॅगट म्हणजे अळी, एवढं मला ठाऊक होतं. पण खाली दुसरा अर्थ छापला होता: डोक्यात आलेली विचित्र लहर. मी बिनधास्त लाल खूण केली आणि शेरा मारला, दोन शब्दांची सरमिसळ झालीय.

माझी पानं पुढे शेजारच्या टेबलावर तपासली जायची. तिथे बसायचा तो मूळचा परभणीकडचा, घाटकोपरला वाढलेला, ऑफिसात माझ्याआधी दोन वर्षं लागलेला. त्याने खुर्ची वळवली आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या बोरीवलीत कुणाच्या डोक्यात किडा वळवळत नाही का गं?"

मी ओशाळून खूण पुसली.

मग आम्हाला नादच लागला. 'मेग्रिम' म्हणजे लहर आणि अर्धशिशीसुद्धा. साहेबांना दोन्ही व्हायचं, त्यामुळे कुणी एकाने "आज मेग्रिम" म्हटलं की दुसरा मान खाली घालून कामाला लागायचा. दुपारी माझ्या डब्यातली कोलंबी त्याच्याकडे आणि त्याची ज्वारीची भाकरी माझ्याकडे जायला लागली.

वर्षभराने शब्दकोश संपला. त्याला शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात नोकरी मिळाली होती. शेवटच्या दिवशी खाली चहा पिताना तो म्हणाला, "माझ्या डोक्यात एक मॅगट आहे. तुझ्याशी लग्न करायचं."

"लहर आहे?"

त्याने खरंच विचार केला. "लहर असती तर एव्हाना गेली असती. आठ महिने झाले."

मी हो म्हटलं. घरी मात्र जात मध्ये आलीच. त्याच्या घरचे बौद्ध, आम्ही मालवणकडचे मराठे. आई रडली. बाबा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि मग एका रविवारी म्हणाले, "आण त्याका घरी."

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला, घामाने भिजलेला. बाबांनी घरादाराची चौकशी केलीच नाही. जे शब्द कुणी बोलतच नाही ते तपासायला माणसं कशाला ठेवतात, हेच त्यांना समजून घ्यायचं होतं. त्याने अर्धा तास समजावलं. शेवटी बाबांनी विचारलं, "आणि त्यातलं काय उपयोगी पडलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. बाबा हसले. आईने न विचारता त्याच्या ताटात सुरमईची दुसरी तुकडी वाढली.

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. आमच्या दोघांच्या आया अजून एकमेकींशी अहो-जाहोच करतात. बाबा मात्र पहिल्याच महिन्यात त्याच्याशी अरे-तुरेवर आले.