तांब्याचा शंकू आणि भाताचं तूस

फणसवाडीतले कमलाकांत त्रिलोकेकर मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि आपल्यासारखं कुणी शिकवत नाही याची त्यांना खात्री होती. हा गर्व त्यांना झाकता येई. मत्सर मात्र कधी झाकता आला नाही.

छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्यांना आठ दिवसांची कोठडी झाली. वेळ जावा म्हणून ते सोबत्यांना ग्रहताऱ्यांच्या गोष्टी सांगू लागले. लालबागच्या एका ओतकाम कारखान्यातला दौलत परब रोज सगळ्यांच्या पुढे येऊन बसायचा. वितळलेलं लोखंड ज्या बादल्यांतून नेतात, त्यांना आतून मातीचं अस्तर लावायचं हे त्याचं काम. सुटल्यावर मास्तरांची व्याख्यानं गिरगावात, परळला सुरू झाली. दौलत एकही चुकवीना.

पुढच्या वर्षी रशियाचा उपग्रह उडाला आणि गर्दी दुप्पट झाली. मास्तरांनी मोठा विषय काढला: उद्या माणसाने गुरू ग्रहाकडे यंत्र धाडलं, तर त्याचं काय होईल?

"गुरूला पाय टेकायला जमीनच नाही, नुसता वायू," ते सांगत. "आणि ओढ अशी जबर, की यंत्र सेकंदाला सदतीस मैल वेगाने आत घुसेल. पुढचा वायू दबून इतका तापेल, की पोलादाचीही वाफ होईल!"

उपाय त्यांनी एका अमेरिकन मासिकात वाचला होता. यंत्राच्या नाकाला जाड तांबं बसवायचं, उष्णता ते पिऊन घेतं. एकोणसाठ साली परळच्या सभेत त्यांनी तांब्याचा शंकू मांडला, आत मेणाचा गोळा ठेवला आणि वरून ब्लोलॅम्पची ज्योत सोडली. चौथ्या मिनिटाला मेण टेबलावरून ओघळलं. लोक हसले.

दौलत उठून म्हणाला, "मास्तरांनू, वरचां जळता तर जळांदे. पुढल्या आयतवारी मी एक वस्तू आणू?"

रविवारी त्याने चिकणमाती, भाताचं तूस आणि राळ कालवून थापलेला शंकू आणला. ज्योत लागताच तो धुरला, काळा पडला, त्याच्या खपल्या सुटून खाली पडू लागल्या. दहा मिनिटं झाली. आतलं मेण होतं तसंच घट्ट.

"खपली पडताना आग आपल्यासंगती घेऊन जाता," दौलत म्हणाला. "आमच्या बादल्यांचां अस्तर असांच झिजता, म्हणान बादली वाचता."

टाळ्या थांबेनात. मास्तरही वाजवत होते, पण मनात म्हणत होते: वीस वर्षं पुस्तकं आपण वाचली, आणि उत्तर या चिखल थापणाऱ्याला सापडावं?

त्यांनी त्या प्रयोगावर लेख लिहून एका मराठी मासिकाला धाडला. छापून आला तेव्हा पत्नी सुमतीबाईंनी विचारलं, "अहो, यात दौलतरावांचं नाव कुठं आहे?"

"शास्त्रीय लेख आहे तो. त्यात भट्टीवाल्याचं नाव शोभत नाही."

सुमतीबाईंनी मासिक मिटून त्यांच्यासमोर ठेवलं.

दोन दिवसांनी दौलत पेढे घेऊन दारात. "मास्तरांनू, आपलां छापून इलां! बायलेन इचारल्यान, नाव खंय हा? मी म्हटलंय, मास्तर इसारले असतले."

मास्तरांनी पेढा तोंडात घातला. "हो, विसरलोच," एवढंच त्यांना म्हणता आलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं: प्रयोग आणि कल्पना दोन्ही दौलत परब यांची, चूक माझी. ते छापून आलं, आणि मास्तरांचा जीव मोकळा होण्याऐवजी अधिकच अडकला. कारण आता जो तो दौलतलाच बोलावू लागला.

साठ सालच्या मे महिन्यात, राज्य मिळाल्याच्या आनंदात, लालबागला दौलतचं एकट्याचं व्याख्यान ठेवलं. मास्तर डोकं दुखण्याची सबब शोधत होते. सुमतीबाईंनी इस्त्रीचा सदरा पुढे ठेवला. ते तिसऱ्या रांगेत बसले आणि तासभर चुका मोजत राहिले.

संपल्यावर दौलत घाम पुसत थेट त्यांच्याकडे आला. "कसां झालां?"

"तीन ठिकाणी चुकलास," मास्तर म्हणाले, आणि तिन्ही चुका त्यांनी जरा मोठ्यानेच, चारचौघांना ऐकू जातील अशा सांगितल्या. दौलतने त्या वहीत लिहून घेतल्या. मग म्हणाला, "पुढलां व्याख्यान दोघांनी मिळान करूया. आधी कोणी बोलायचां?"

"तूच बोल," मास्तर म्हणाले. ते दोन शब्द त्यांना फार जड गेले.