लाल रेघेपर्यंत

मैमूनाआपा गेल्याची बातमी आली तेव्हा मी तिच्याच घरात, तिच्याच माशांच्या टाकीत पाणी घालत होते. सकाळचे साडेसहा. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात फोन. पलीकडे रत्नागिरीहून तिची बहीण. "आपा गेली गो..." एवढंच म्हणाली. मी तांब्या खाली ठेवला. त्यानंतर मी जे केलं ते ऐकून आपा पोट धरून हसली असती. पण ते मागाहून सांगते.

सौदीतल्या तबूकच्या एका हॉस्पिटलात ती स्टाफ नर्स, मी लॅबमध्ये. अकरा वर्षं एकाच इमारतीत राहिलो, ती खाली, मी वर. ती खाडीकाठची आणि मी सोलापूरची. आमच्याकडे पिण्याचं पाणी टँकरने यायचं, समुद्र कुठला! नवरा वारल्यावर तिने खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. म्हणायची, "घर गप्प झालं की झोप लागत नाही. पाणी बुडबुडलं म्हणजे बरं वाटतं." मला ते खूळच वाटायचं. त्यात एक दिवस ती समुद्रकाकडी नावाचा जीव घेऊन आली. वीतभर लांब, तपकिरी, चुलीत भाजून विसरलेल्या वांग्यासारखी. मी म्हटलं, "आपा, दुकानातले मासे संपले होते का?"

"अगो, ही घरातली थोरली सून. सगळ्यांचं खरकटं ही काढते," आपा म्हणाली आणि तिचं नाव आक्का ठेवून मोकळी झाली. आक्का दिवसभर वाळू खायची, त्यातली घाण पोटात ठेवायची आणि स्वच्छ वाळूचे शेवेसारखे तुकडे मागे सोडत जायची. माझी मुलगी ओरडली, "यक मम्मा, दॅट्स पूप!" आपा म्हणाली, "असेना. तुझ्या खोलीपेक्षा स्वच्छ आहे." आक्कावर हसू द्यायची, पण टाकीत बोट घालू द्यायची नाही. आक्का ओढली जाऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाला तिने ऑपरेशन थिएटरची टोपी बांधली होती. काचेवर नेलपॉलिशची लाल रेघ होती. ड्युटीवर नखं रंगवायची सोय नव्हती, म्हणून ती बाटली त्या रेघेच्याच कामी आली. तबूकची कोरडी हवा रोज टाकीतलं बोटभर पाणी पिऊन टाकायची, आणि पहाटेची फजरची नमाज झाली की आपा ते रेघेपर्यंत भरून ठेवायची.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आम्ही दोघी हॉस्पिटलातल्या, रिपोर्ट वाचायला कुणाची गरज नव्हती. ऑपरेशन गावाकडे करायचं ठरलं. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, आणि पासपोर्ट पर्समध्ये टाकत तिने घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "रोज रेघेपर्यंत भर. मासे गेले तर गेले, पण मी येईपर्यंत आक्काला सांभाळ हं."

मी पडले हुशार! पाणी खारं, तर भरही खाऱ्याचीच घालायची ना? टाकीशेजारीच मिठाची पिशवी होती. बारा दिवस मी इमानेइतबारे मीठ कालवून ओतलं. तेराव्या दिवशी बघते तर आक्काने आतडी बाहेर टाकलेली, वाळूवर पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता. लॅबमध्ये काय काय बघते मी, पण हे बघून तडक फोन उचलला. व्हिडिओ कॉल लावला. आपाच्या नाकात नळी. आधी म्हटलं, "सगळं छान आहे." मग रडायलाच लागले.

"रोज काय घालतेस त्यात?"

"मीठ कालवून पाणी, आपा..."

ती टाके धरून हसली. "अगो सोलापूरकरणी, आमटी आटली की पाणी घालतेस की परत मीठ? उडतं ते पाणी. मीठ तिथंच राहतं!" माझं रडं थांबेना, तर म्हणाली, "रड, पण टाकीपासून लांब उभी राहून रड. आधीच खारट झालंय."

मग तिने शिकवलं. आधी गुंता बाहेर काढ. मग रोज थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच गोडं घालायचं, घाई नाही. "आणि आक्का?" मी विचारलं. "तिला नवं पोट येतं, महिना-दोन महिन्यांत. मला मेलीला नुसते टाके."

आक्का सात आठवडे दगडामागे निपचित. मी रोज जाऊन बघायची, मनात सारखं येई, ही जगली तर आपा येईल. वेडेपणाच तो, पण होता. आणि एका सकाळी वाळूवर शेवेचा एक तुकडा! मी किंचाळलेच. फोटो पाठवला. आपाचा व्हॉइस मेसेज आला, आवाज अगदी बारीक: "जेवली गो आक्का! माझी पेज अजून वाटीतच आहे..."

त्यानंतर आठ दिवसांनी तो फोन. खरं सांगते, मला राग आला, आक्काचाच. ह्या वांग्याला नवं पोट, आणि माझ्या आपाला नाही? पुढे घर रिकामं करावं लागलं. टाकी चौघांनी मिळून वर माझ्या हॉलमध्ये आणली. आता सकाळचा चहा व्हायच्या आधी मी लाल रेघेपर्यंत गोडं पाणी भरते.

तर त्या सकाळी... तांब्या खाली ठेवला. आक्का तिच्या संथ चालीने वाळू चघळत होती. डोळे भरून आले. मी आधी दोन पावलं मागे सरले, पार भिंतीपाशी गेले, आणि मग रडले.