रेकॉर्ड रूमची मास्टर बेडरूम

ज्या खोलीत मी नऊ वर्षं कागदांचे गठ्ठे लावून घेतले, तिच्यात सासऱ्यांचा पलंग मांडलेला दाखवून माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, ही मास्टर बेडरूम. पण म्हणलं, आबालाच देऊ."

ही इमारत परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, अलीकडे आहे. दगडी, दुमजली. वरच्या मजल्यावर आमची कचेरी भाड्याने होती आणि मी तिथे कारकून होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद असलं की आम्ही खालचं लोखंडी दार आतून लावून घ्यायचो आणि वर टपाल नोंदवत बसायचो. पुढे कचेरी नव्या जागेत गेली, मालकाने इमारत एका बिल्डरच्या हवाली केली आणि दोन वर्षांनी दारावर पाटी लागली : आलिशान निवास. काळ्या दगडाला गुलाबी रंग फासला होता. दगडाला रंग देण्याची अक्कल मी तोवर कुठे पाहिली नव्हती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. खत-बियाण्यांचं दुकान चालवायचा. तिथला पहिला फ्लॅट त्याने घेतला. सासूबाई गेल्यावर सासरे गावी, झरीला, एकटेच राहत होते, दम्याने हैराण. त्यांना त्याने चैत्रात इकडे आणलं आणि झरीचं घर चुलतभावाच्या संसाराला देऊन टाकलं. परत जायला जागा ठेवली नाही.

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला आणि आम्हाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढतात, तेहतीस अनारसे देतात, वर कपडे आणि ऐपतीप्रमाणे एखादी वस्तू. त्या दिवशी जावई नारायणाच्या ठिकाणी असतो. निदान माझ्या सासरी तरी त्या दिवशी जावयाच्या शब्दाला नाही म्हणत नाहीत. मी कधी काही मागितलं नव्हतं. मागणाऱ्या जावयांची मला चीड होती.

जेवणाआधी मेहुण्याने घर दाखवलं. हॉलचं छत तेरा फूट उंच. बिल्डरने त्यात मध्येच लाकडी माळा ठोकून त्याला डुप्लेक्स म्हटलं होतं. माळ्यावर पाच फूट उंची उरली होती. मी पाच फूट सहा इंच. वरचा सोफा मी कमरेत वाकून पाहिला.

"वर बसूनच राहायचं असतंय, दाजी," मेहुणा म्हणाला.

"मग चढून येईपर्यंत तरी उभं राहू देत जा."

बाथरूममध्ये आंघोळीचा टब होता, गुलाबीच. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, म्हणून त्या टबात पाणी भरून वर पत्रा झाकला होता. आंघोळ शेजारी बादली घेऊन. म्हणजे हौदच, फक्त हौदापेक्षा पाणी कमी मावणारा.

"साडेसातशे फूट हाय," मेहुण्याने सांगितलं.

त्या मजल्याची मापं मला पाठ होती. दर मार्चला कचेरीतल्या जडवस्तूंची, म्हणजे टेबल-कपाटांची, आणि जागेची तपासणी व्हायची तेव्हा टेप मीच धरायचो. मी तिथेच बेरीज करून सांगितली. हॉल दोनशे बावन्न, ही खोली एकशे वीस, स्वयंपाकघर ऐंशी, न्हाणीघर आणि संडास मिळून साठ. पाचशे बारा झाले. माळा धरला नाही, कारण त्यावर माणूस उभा राहत नाही.

"बाकीचे दोनशे अडतीस कुठं आहेत?"

"जिना धरतेत त्यात. आन् भिंती."

"म्हणजे तू भिंतीत राहायलास."

तो हसला. त्याला राग यायला हवा होता. तेवढाही पाणीदारपणा त्या गुलाबी रंगाने ठेवला नव्हता.

सासरे मात्र खोलीच्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ लावून बसले होते. बायकोने विचारलं, "आबा, झोप लागती का इथं?"

"लागती की. दार उघडं ठिवून उंबऱ्यावर डोकं टेकलं की लागती. आत लय कोंडायलंय. छाती भरून येती."

"फॅन हाय की," मेहुणा म्हणाला. "अन् कूलर आणायलोय."

"कूलरला खिडकी लागती," मी म्हटलं.

"तुमी आमच्याकडं चला," बायको म्हणाली.

"लेकीच्या घरी राहत नसतेत." सासऱ्यांनी हे आवाज न चढवता सांगितलं, आणि मला माहीत होतं की ते आता बदलणार नाही. म्हणजे हीच खोली, नाहीतर तिचा उंबरा. हा दमेकरी म्हातारा पुढचा प्रत्येक उन्हाळा इथेच काढणार होता.

मी आत जाऊन उभा राहिलो. बारा बाय दहा. भिंतींवर प्लास्टर ऑफ पॅरिसची द्राक्षं लटकवलेली. बिल्डरची टिंगल करायला मी तोंड उघडलं, आणि समोरच्या भिंतीकडे पाहून मिटलं.

रेकॉर्ड रूम होती तेव्हा त्या खोलीला खिडकी होती. एका पावसाळ्यात तिच्यातून पाणी येऊन दोन गठ्ठे भिजले. खिडकी कायमची बुजवावी, अशी टिप्पणी मी लिहिली. माप मीच घेतलं : डाव्या कोपऱ्यापासून दोन फूट नऊ इंच सोडून, रुंदी साडेतीन फूट, उंची चार. साहेबांनी सही केली, मालकाच्या गवंड्याने दोन दिवसांत विटा लावल्या. कागद कोरडे राहिले. आत काम करणारा शिपाई त्यानंतर अर्ध्या अर्ध्या तासाने बाहेर येऊन उभा राहायचा. मी त्याला कामचोर समजायचो आणि दोनदा तसं लेखी कळवलंही होतं.

जेवण झाल्यावर मेहुण्याने ताटात कपडे, अनारसे आणि एक अंगठी ठेवून पुढे केलं.

"अंगठी नको," मी म्हणालो.

"मग काय पायजे? बोला, दाजी."

"त्या खोलीच्या भिंतीत साडेतीन बाय चारचं भोक."

मेहुण्याने पुढे केलेलं ताट खाली ठेवलं. मग मेहुण्याची बायको म्हणाली, "भाऊजी, ती द्राक्षं कारागिरानं हातानं केलेली हायेत."

"बिल्डर म्हणतो दोन फुटी दगडी भिंत हाय," मेहुणा म्हणाला. "हात लावला तर वरचं खाली येईल."

"दगड बाकी सगळीकडं आहे. तिथं विटा आहेत. मी लावायला लावल्यात." आणि मी टिप्पणीचं सगळं सांगितलं. शिपायाचंही.

सासऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं केलंत, जावईबापू. कागद तर वाचले."

मग ते मुलाकडे वळले. "दे बाबा. आज जावयाला न्हाई म्हणत नसतेत."

तिसऱ्या दिवशी गवंडी आला. मी रजा टाकून टेप घेऊन गेलो. कोपऱ्यापासून दोन फूट नऊ इंचांवर खूण केली. छिन्नी मारली तशी द्राक्षं आधी पडली, मग प्लास्टर, मग लाल वीट दिसली. वरची जुनी दगडी कमान जागेवर शाबूत होती. पहिली वीट बाहेरच्या बाजूला निखळली आणि दमेकऱ्याने धुळीत थांबू नये म्हणून बायको बापाला ओढायला लागली. ते हलले नाहीत. तोंडावर धोतराचा सोगा धरून त्या एका विटेएवढ्या उजेडासमोर उभे राहिले.

सुताराने चौकट बसवायला पंधरा दिवस लावले. तेवढे दिवस भोक उघडंच होतं. मोंढ्यातली धूळ, सरकीचा वास, हमालांच्या शिव्या, सगळं आत यायचं. मेहुण्याची बायको दिवसातून दोनदा फरशी पुसायची आणि मला बोल लावायची. सासऱ्यांनी पलंग खिडकीखाली ओढून घेतला होता.

पुढे फ्लॅट पाहायला पाहुणे आले की मेहुणा त्यांना त्या खोलीत न्यायचा. "हवेसाठी ही मुद्दाम काढून घेतली," म्हणायचा. पाहुणे माना डोलवायचे. सासरे पलंगावर, पाहुण्यांकडे पाठ करून, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून बाहेर बघत बसलेले असायचे. खरं काय ते सांगण्यात वाया घालवण्याइतका श्वास त्यांच्याकडे तेव्हाही नव्हता.