किसनअण्णांच्या वळकट्या

किसनअण्णांच्या बायकोचा, अक्कांचा फोन आला तेव्हा मी व्हाइटफील्डला ऑफिसच्या कँटीनमध्ये संध्याकाळचा चहा घेत होते. किसनअण्णा दुपारी जेवायला दुकानातून घरी आले, जेवले, ‘स्वल्प पडतो’ म्हणाले आणि उठलेच नाहीत, एवढंच त्या बोलल्या. तिथून राजाजीनगरला त्यांच्या घरी पोचायला मेट्रोनं सव्वा तासाच्या वर लागतो. तेवढ्या वेळात मी अण्णांच्या नंबरवर दोनदा फोन लावला. का लावला ते मला अजूनही सांगता येणार नाही. दोन्ही वेळा रिंग वाजत राहिली... या गोष्टीला आता सात आठवडे झाले. आपण त्यांच्यावर रागावलो होतो, आणि चुकीच्या कारणानं रागावलो होतो, हे मला त्यानंतर कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या एका गल्लीत अण्णांचं स्कूटर-मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान होतं. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला सायकलचं वेड लागलं आणि पंधरा दिवसांत बसायची पंचाईत झाली, तेव्हा कुणीतरी त्यांच्याकडे पाठवलं. मी हिंदीत सांगत होते, ते कानडीत उत्तर देत होते. माझ्या तोंडून वैतागून एक मराठी वाक्य निघालं आणि त्यांनी मान वर केली. त्यांचं मराठी घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलं ते इथलंच झालं. मी कोल्हापूरची म्हटल्यावर मात्र हातातली सुई थांबली. त्यांचं कुलदैवत जोतिबा. दर रविवारी देवाच्या तसबिरीपुढे नारळ फुटायचा, पण डोंगरावर जाऊन आलेले घरातले शेवटचे म्हणजे त्यांचे आजोबा. वडील ‘यंदा जाऊ, यंदा जाऊ’ म्हणत राहून गेले होते. अण्णांना जायचं होतं ते सायकलवरून. जन्मभर राजाजीनगर ते शिवाजीनगर त्यांनी सायकलच चालवली होती. बसमध्ये झोपा काढत देवाच्या दारात उतरायचं त्यांना पटत नव्हतं. मी म्हटलं, जाऊ की, माझं माहेरच आहे तिथं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘तंगी’ झाले, कानडीतली धाकटी बहीण.

सराव म्हणून आम्ही मागडीच्या बाजूला एका तलावाकाठी तंबू टाकून एक मुक्काम केला. मी नेटवरून हवेची मॅट मागवली होती, मुठीत मावेल एवढी आणि अतिशय ऐटबाज. बाभळीच्या एका काट्यानं तिची ऐट उतरवली आणि मी सकाळी खडकावर पडल्यासारखी उठले. अण्णा आधीच उठून कॉफी करत बसले होते. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस किती उत्साही, म्हणून मी त्यांचं कौतुकही केलं. घरी परतताना त्यांनी जाहीर केलं की कोल्हापूरला जायचं तर आठ-नऊ मुक्काम पडणार, कुठं देवळाची ओवरी, कुठं शाळेचा व्हरांडा. सगळीकडे फरशी. तेव्हा आधी मॅटचा नीट बंदोबस्त करायचा, मग तारीख ठरवायची. मला ते एकदम पटलं.

मग सुरू झाला तो मॅटचा शोध. फोम हा तर त्यांचा जन्माचा धंदा. अंगठा दाबून ते सांगायचे, हा सहा महिन्यांत बसेल, हा पाच वर्षं हलणार नाही. दुकानात गिऱ्हाईक मॅटवर उताणं पडतं, ‘छान आहे’ म्हणतं आणि घेऊन जातं, याची त्यांना गंमत वाटायची. उताणं पडलं की सगळ्याच गाद्या चांगल्या. एका कुशीवर वळून, खुब्याच्या हाडाखाली हात घालून बघायचं, हाताला जमीन लागली तर ती मॅट कामाची नाही. आम्ही एकदा एका मोठ्या खेळांच्या दुकानात गेलो, तर हा माणूस चपला काढून रांगेतल्या पाचही मॅटांवर वीस-वीस मिनिटं कुशीवर पडला. सेल्समन घाबरून पाणी घेऊन आला. मी दुसऱ्या रांगेत उभी राहून ओळख नसल्यासारखं केलं. घडीची मॅट ते बाद करायचे, कारण ती घडीवरच आधी चिरते, गुंडाळायचीच हवी. हवेच्या मॅटला त्यांनी कॅनव्हासचा अभ्रा शिवून बघितला. मग स्वतःच फोमचे थर जोडून मॅट करू लागले, स्कूटरच्या सीटसारखे, खाली कडक आणि वर मऊ. तीही कधी जाड व्हायची, कधी कॅरियरला जड. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी विचारायचे, आणि उत्तर ठरलेलं, “स्वल्प थांबा, तंगी. अजून जमलं नाही.”

असं एक वर्ष गेलं, दुसरंही संपत आलं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते मला कळेना. मी त्यांना चिडवायला लागले की मॅट शोधताय की जावई, एवढे दोष तर मुलीचा बापही काढत नाही. ते हसायचे. त्यांच्या हसण्यानं मला चेव यायचा. पुढं पुढं चिडवण्याला धार आली. एकदा दुकानातच, दोन गिऱ्हाइकांसमोर, मी म्हणाले की अण्णा, तुम्हाला जायचंच नाहीये, तुमच्या वडिलांसारखंच तुमचंही होणार. त्यांनी मशीनमध्ये दोरा ओवला... पहिल्या खेपेला तो ओवला गेला नाही, हे मला आठवतं. मी मात्र तणतणत निघून आले आणि महिनाभर फिरकले नाही. ऑफिसमधल्या चौघांचा कोल्हापूरला सायकलनं जायचा बेत शिजत होता, त्यात मी नाव घातलं.

आम्ही गेलो, पोचलो, आईनं ओवाळलं. जोतिबाच्या डोंगरावर मी अण्णांच्या नावानं गुलाल-खोबरं उधळलं आणि त्यांना पुडीतून प्रसाद आणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला, रस्ता कसा होता, कुठं कुठं झोपलात, सगळं विचारून घेतलं. मला वाटलं, मिटलं. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले.

गेल्या रविवारी अक्कांकडे गेले होते. त्यांनी मला गच्चीवरच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून अकरा वळकट्या उभ्या होत्या, प्रत्येकीला नाडीचा अभ्रा, आणि अभ्र्यावर शिंप्याच्या खडूनं लिहिलेला एकेक आकडा. एक. दीड. पाऊण. अडीच. मला वाटलं, फोमची जाडी असेल. अक्का म्हणाल्या, “तास हाय ते. किती वेळ झोप लागली ते.”

मग त्यांनी सांगितलं. आमची ओळख व्हायच्या आधी अण्णा एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरवरून पडले होते. हाड जुळलं, पण खुबा कायमचा दुखरा राहिला. सायकलवर काही वाटायचं नाही, जमिनीवर कुशीला वळलं की मात्र कळ यायची. तलावाकाठी त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते वर येऊन या फरशीवर झोपून बघायचे, एक पुरी रात्र निभली तर तंगीला तारीख सांगता येईल म्हणून. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मी ऑफिसात घेते, आणि दोन वर्षं माझ्या समोर असलेल्या या दुखण्याला मी चालढकल म्हणत होते.

“मला सांगायचं की, अक्का,” मी म्हणाले.

“नको म्हणले. सांगितलं तर तुमी बसनं जाऊ म्हणाल, म्हणून.”

म्हटलंच असतं मी. हट्टच धरला असता.

शेवटच्या वळकटीवर आकडा होता साडेसहा. अक्का म्हणाल्या, त्या सकाळी ते जिना उतरून आले ते हसतच आले, कॉफीसुद्धा घेतली नाही, आधी तुम्हालाच फोन लावला. तो फोन मला आठवला. मी सायकलला पिशव्या बांधत होते. अण्णांनी ‘तंगी, एक सांगायचं होतं’ म्हणून सुरुवात केली आणि मी त्यांना पुढं बोलू न देता सांगितलं की परवा आम्ही निघतोय, कोल्हापूरला, पाच जण, सगळं ठरलं. मग ते म्हणाले, “सरी, सरी. बरं झालं. जाऊन या.” तुम्ही काय सांगत होता, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, पुन्हा थांबा म्हणणार असतील.

अक्कांनी ती वळकटी माझ्या हातात दिली. मी घेईना. त्या म्हणाल्या, मग इथंच पडून बघा, त्यांनी एवढं केलं, कुणीतरी बघायला पाहिजे ना. त्यांनीच नाडी सोडली, फरशीवर मॅट पसरली आणि पंखा लावून खाली निघून गेल्या. मी आडवी झाले. कुशीवर वळले, खुब्याखाली हात घालून बघितला. जमीन कुठं लागली नाही. दोन वर्षांत मी इतक्या मॅटांवर पडले, पण असा आराम कशावरच मिळाला नव्हता. खरंच फार आराम होता... आणि मला तो पाच मिनिटंसुद्धा सोसला नाही.