बोटभर उघडी खिडकी

निघायच्या दिवशी पहाटे फलटणला कडाक्याची थंडी होती. आईशी शेवटचे दोन शब्द बोलावेत म्हणून मी गाडीची काच खाली केली, तर ती डोळे पुसायचं सोडून माझ्यावरच ओरडली, "काच वर घे आधी! वारं लागलं की बसशील घरघरत." मी मुकाट्याने काच वर घेतली. काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरली आणि आई पुसट झाली. हाताने पुसेपर्यंत गाडी वळलीसुद्धा.

मला लहानपणी दमा होता. घराच्या तिन्ही अंगांना ऊस. पाटाला पाणी सुटलं की गारवा थेट घरात. आई खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबायची, तिच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळीत मला गुंडाळायची आणि उशाशी बसून राहायची. "खिडकी लावली का?" हा आमच्याकडे दिवसाचा शेवटचा प्रश्न असे.

इथे इंग्लंडात, समुद्राकाठच्या एका गावात, मी वृद्धाश्रमात काम करते. गावातली भाडी झेपत नाहीत म्हणून नवरा सचिन आणि मी कॅरॅव्हॅनमध्ये राहतो. चाकांवरचं घर, पण जागचं हलत नाही. पहिल्या थंडीत आईने व्हिडिओ कॉलवर ते सगळं फिरून पाहिलं आणि जमिनीलगतच्या जाळ्यांपाशी अडली.

"ती भोकं बुजवा आधी."

सासूबाईंचा हुकूम! सचिनने जाळ्यांत टॉवेल कोंबून वर टेप मारली. खिडक्या गच्च बंद, हीटरवर ओले कपडे, शेगडीवर बिनझाकणाचा भात. इतकी ऊब आली म्हणून सांगू, आम्ही स्वतःवरच खूश होतो.

मग काचांवरून पाणी ओघळायला लागलं. एका सकाळी छतावरचा थेंब सचिनच्या कानात पडला तेव्हा मी हसले होते. पुढे माझी घरघर परत आली, इतक्या वर्षांनी, आणि हसू आटलं. आईला कळू नये म्हणून फोनवर तुटक बोलायचे. एका रविवारी गादी उचलली तर खालून काळी बुरशी, आणि भिंतीला टेकलेली, सोबत आणलेली आईची वाकळही एका कडेने काळी पडलेली. मी तिथेच बसून रडले.

शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या बाईंना बोलावलं. जाळ्यांवरची टेप बघून त्यांनी कपाळाला हात लावला. जाळ्या हवेसाठीच असतात; गॅस पेटवून त्या बंद ठेवल्या की विषारी वायू साचतो, जिवंत आहात हे नशीब समजा, म्हणाल्या. टेप त्यांनीच ओरबाडून काढली.

आता समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या असतात. भातावर झाकण, कपडे लाँड्रीत, गादीखाली हवा खेळावी म्हणून लाकडी पट्ट्या, हीटर मंद पण सतत चालू. सकाळी काचा पुसणं हे आमचं सडासंमार्जन. वाकळ धुतली, डाग राहिलाच.

राहिलं होतं आईला सांगणं. त्या दिवशी फोनवर तिला उघडी खिडकी दिसली. "आगं, लाव की ती!" मी फोन नेऊन ओल्या काचेसमोर धरला.

"ह्ये पाणी कुठनं आलं?"

"आमच्या श्वासाचं, आई. घर बंद ठिवलं की आतल्या आत साचतंय." आणि घरघरीचंही सांगून टाकलं.

तिने मागे वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं झालं व्हय?"

"तुला काय ठावं, आई? आमाला तरी कुठं ठावं हुतं?"

"फोन छातीला लाव. मोठा श्वास घे बगू."

मी घेतला. ती हजारो मैलांवरून ऐकत होती.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठे आहे हे मला पूर्वी नीट सांगता यायचं नाही. तिकडचं सुटलं, इकडचं भाड्याचं, तेही चाकांवर. आता सांगता येतं. आई रोज झोपण्याआधी फोन करते, तेव्हा इथे दुपार कलत असते. जेवणखाणाचं नंतर. आधी विचारते, "उघडलीस का गं खिडकी?" मी व्हय म्हणते आणि फोन छातीला लावते. माझा श्वास मोकळा आहे हे ऐकलं की मगच ती तिकडे आपली खिडकी लावून झोपते.