आजोबांचा संघ गाव सोडून गेला तेव्हा

मुलांनो,

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की मोठीला अजूनही वाटतं, आजोबा तिच्यामुळे गेले. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता कॉलेजात आहे. इतकी वर्षं ती हे मनात घेऊन वावरते आहे आणि मला पत्ता नव्हता, असं मी आईला म्हटलं. ते पूर्ण खरं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. मराठी वाचायला जड जाईल, आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईल.

लग्नाआधी आजोबा दोन वर्षं अमेरिकेत शिकायला होते, एका मोठ्या सरोवराकाठच्या कारखान्यांच्या गावात. घरमालक म्हातारा, एकटा. पहिल्याच हिवाळ्यात त्याने यांना फुटबॉलच्या मैदानावर नेलं. या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, हे माझ्या गळी उतरायला फार वर्षं लागली. संघ घरमालकाच्या वडिलांच्या वेळी कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केलेला. पुढे एका कोळशाच्या व्यापाऱ्याने तो विकत घेतला आणि मग त्याच्याच घराण्यात राहिला. विजेतेपद एकदाच मिळालं, तेही आजोबा तिथे पोचायच्या आधी. "माझा पायगुण," ते म्हणायचे. बाकांवर साचलेला बर्फ हाताने झाडून लोक बसत आणि हरलेला सामना शेवटपर्यंत बघत. आजोबांना तेच आवडलं होतं.

नंतर इथे दोह्यात गॅस कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही अल मुंतझा भागात राहायला आलो. घरमालक वर्तमानपत्रातली कात्रणं कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर पाठवायचा. ती महिन्याभराने मिळत. आजोबा त्यांना भोकं पाडून ऑफिसच्या काळ्या बॉक्स फाइलमध्ये लावत. घरमालक गेल्यावर प्लांटवरचा एक अमेरिकन माणूस निकाल सांगायचा, मग इंटरनेट आलं. सोमवारी सकाळी निकाल बघितल्याशिवाय आजोबांनी कधी बूट घातले नाहीत. एक प्रशिक्षक गेला, दुसरा आला, चांगले खेळाडू दुसऱ्यांनी पळवले, जुनं मैदान पाडलं. हे सगळं मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं आहे. आपल्या घरात नातेवाइकांच्या बातम्याही इतक्या नेमाने येत नव्हत्या.

निवृत्तीनंतर आम्ही तुमच्या मामाकडे, दोह्यातच फरीज बिन ओमरानला आलो. आजोबांची नजर मधुमेहाने गेली आणि हृदयही अशक्त झालं. सोमवारचा निकाल मी वाचून दाखवू लागले. एका उन्हाळ्यात असंच वाचत असताना बातमी दिसली. मालकाने गावाकडे नवं स्टेडियम मागितलं होतं आणि गाव नाही म्हणालं होतं. तो संघ उचलून दक्षिणेतल्या एका गरम शहरात चालला होता. नाव, रंग, जुने विक्रम, सगळं घेऊन.

डॉक्टर म्हणाले होते, यांना धक्का बसता कामा नये. मी त्या बातमीऐवजी दोह्याचं हवामान वाचून दाखवलं.

मोसम सुरू झाल्यावर मी निकाल वाचायची, फक्त शहराचं नाव गाळून. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होते. डिसेंबरात त्यांनी विचारलं, "बर्फ पडला का गं?"

"पडला तर. आधी थोडा, मग चांगलाच."

"बाकं झाडली असतील लोकांनी."

"झाडली म्हणे."

मला सगळं नीटनेटकं लागतं. खोटंही मी नीटनेटकं बोलले. दर सोमवारी बर्फ थोडा थोडा वाढवत नेला.

मग एका शुक्रवारी तुमचा अमेरिकेहून फोन आला. आजोबा मोठीला कौतुकाने सांगू लागले, काय बर्फ पडतोय यंदा आमच्या मैदानावर! ती हसली. म्हणाली, "आजोबा, कसला बर्फ? ते तिथे नाहीतच आता. नव्या ग्राउंडबाहेर खजुराची झाडं आहेत, तुमच्या दोह्यासारखी."

आजोबांनी फोन माझ्या हातात दिला. आणि मी बोलले. इंग्रजीत, तुला एकही शब्द कळायचा राहू नये म्हणून. तुझी जीभ तुझ्या ताब्यात नाही, असं म्हणाले. आजोबांना काही झालं तर ते तुझ्यामुळे होईल, हेही म्हणाले. ते वाक्य माझं आहे, बाळा. तुला ते वाटलं नाही, मी ते तुला दिलं.

मागे वळून बघते तर आजोबा भिंत चाचपत न्हाणीघराकडे निघाले होते. गीझर न लावताच त्यांनी डोक्यावरून गार पाणी घेतलं. लांबचं कोणी गेल्याचं कळलं की आपल्याकडे अशी आंघोळ करतात. मी टॉवेल घेऊन दाराशी उभी.

"अहो, आजारी पडाल. माणूस गेलंय का कोणी?"

"गेलंच की. कधी गेलं?"

"उन्हाळ्यात."

त्यांनी आणखी एक तांब्या डोक्यावर ओतला. मग म्हणाले, "पोरीने सांगितलं ते बरं केलं. तू सांगायला हवं होतंस."

बाहेर आल्यावर फाइल मागितली, मांडीवर घेतली, वरून हात फिरवला. "खलास," म्हणाले. साइटवर काम संपलं की म्हणायचे, तसंच. त्या रात्री नीट जेवले, नीट झोपले. पुढच्या सोमवारपासून त्यांनी मला शहराच्या नावासकट निकाल वाचायला लावला. फेब्रुवारीच्या शेवटी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय कित्येक वर्षं थकलेलं होतं. मोठीचा त्यात काही दोष नव्हता, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

आता राहिलेलं सांगते. ते मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. त्या दोन महिन्यांत आजोबा मला सारखे म्हणत, "पोरीला फोन लाव. नव्या मैदानावरचं गवत खरं आहे का, ते विचारायचंय." तुझी माफी मागावी लागेल म्हणून मी लावला नाही. ती शाळेत आहे, असं सांगायची. आईचा फोन आला की आजोबा झोपलेत म्हणायची.

एकदा शनिवारी, तुम्हाला शाळेची सुट्टी असताना, त्यांनी विचारलं. मी तेव्हाही शाळाच सांगितली.

"बरं," ते म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण वार कळत होता.