सांध्यातली हळद

माझ्याकडे एक्केचाळीस चाकू आहेत. खरं तर आता चाळीस. सगळे खिशात मावणारे, घडीचे, जुन्या घडणीचे. म्हशीच्या शिंगाची मूठ असलेले सतरा, पितळी मुठीचे अकरा, बाकीचे लाकडी. सर्वांत महागडा मी साडेतीनशेला घेतला आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. मला चाकूंचा शौक आहे असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर शौक स्वस्त चाकूंचा होता.

मी बालाघाटला बांधकामाच्या एका कार्यालयात काम करतो. दुसऱ्यांनी मोजलेलं बरोबर आहे की नाही ते तपासायचं, हे माझं काम. त्यामुळे असेल, पण चाकू हाती आला की मी आधी फीत काढतो. पातं किती इंच, मूठ किती, वजन किती. सोनार वापरतात तसला छोटा काटा माझ्या पिशवीत असतो. घरी आलो की सगळं रजिस्टरमध्ये उतरवायचं: क्रमांक, माप, वजन, सांगितलेला भाव, दिलेला भाव आणि शेरा. शेऱ्यात मी एक गोष्ट आवर्जून लिहीत असे, ती म्हणजे भाव कसा उतरवला. "मूठ हलते असं सांगितलं, चाळीस उतरले." "दहा पावलं चालत गेलो, तीस उतरले." कोणत्या युक्तीला किती फळ येतं हे कळावं एवढाच हेतू. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

किरनापूर, बैहर, उकवा इथले बाजार मी बसने जाऊन पाहिलेले आहेत. माझे नियम ठरलेले होते. दुपारी तीनच्या आत बाजारात जायचं नाही, कारण सकाळी विकणाऱ्याला आशा असते. आवडलेली वस्तू शेवटी उचलायची. पाकीट दाखवायचं नाही, सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवायचे. माझी बायको म्हणायची, "भाजी चिरायले घरात एक धड सुरी नाही आणि कपाटात चाकूंची पलटण." तेही खरं होतं. कपाटातला एकही चाकू मी तिला कधी वापरू दिला नाही.

जो चाकू आता माझ्याकडे नाही, तो एका बाईकडून घेतला त्याला दोन वर्षं होतील. किरनापूरचा बाजार, चार वाजून गेलेले. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला ती पोतं अंथरून बसली होती. तिशीच्या आतबाहेरची असेल. पोत्यावर एक पितळी गडवा, एक कंदील आणि हा चाकू. शिंगाची मूठ, दोन पितळी खिळे, पाठीला जाड कमान. असा चाकू घडवणारा लोहार आता या भागात उरलेला नाही. मी आधी गडवा उचलला, मग कंदील, मग चाकू.

"दोनशे," ती म्हणाली.

चाकू जड उघडत होता. नख घालून पातं अर्धं ओढलं आणि सांध्यात पाहिलं. आत काहीतरी पिवळं घट्ट बसलेलं होतं. पात्याच्या टोकाशी काळसर डाग होता, लिंबाचा पडतो तसला. मला लगेच कळलं. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की अक्षता पडेपर्यंत त्याच्या हातात लोखंड असतं, टोकाला लिंबू टोचलेलं. हळदीच्या हातांनीच तो धरतो, त्याच हातांनी मिटतो. हा चाकू कुठल्यातरी घरातल्या तीन-चार पिढ्यांच्या नवरदेवांनी धरलेला होता.

मी म्हणालो, "गंज चढला आहे आत. उघडत पण नाही नीट."

"जुना हाय, बाबूजी."

"जुना आहे म्हणूनच. आतून सडला असेल तर पातं केव्हाही निघून येईल. पन्नास."

ती दीडशेवर आली. मी साठ म्हटलं आणि चालू लागलो. आठव्या पावलाला तिने हाक मारली. सत्तरला सौदा झाला. तिने चाकू माझ्या हातात दिला नाही, पोत्यावर ठेवला. लोखंड हातातून हातात देऊ नये, भांडण लागतं. मी तो उचलला आणि साडेपाचची बस धरली.

घरी आल्यावर चाकू रॉकेलमध्ये भिजत घातला. दुसऱ्या दिवशी दाताच्या जुन्या ब्रशने सांधा साफ केला. पांढऱ्या फडक्यावर पिवळं उतरलं, तेही मी पाहिलं. टोकाचा डाग पॉलिश पेपरने घासून काढला, मुठीला मोहरीचं तेल लावलं. चाकू आरशासारखा झाला आणि एका बोटाने उघडू लागला. तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात, लग्नसराईत, एका रविवारी दुपारी बायको आत येऊन म्हणाली, "अहो, बाहेर कोणी आलं हाय. चाकूवाले बाबूजी इथंच राहतात का म्हणून विचारून राह्यले."

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. खांद्यावर दुपट्टा, पायांत टायरच्या चपला. त्यांच्या दोन पावलं मागे ती बाई होती. मी तिला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं.

"हेच हाय, मामाजी," ती म्हाताऱ्यांना म्हणाली. "फीत लावून मोजत होते."

ते तिचे सासरे; किरनापूरच्या बाजारात विचारत विचारत इथवर आले होते. बायकोने पाणी दिलं. म्हाताऱ्यांनी तांब्या वरूनच तोंडात ओतला, मिशा पुसल्या आणि थेट मुद्द्यावर आले. धाकट्या मुलाचं लग्न होतं, येत्या गुरुवारी हळद. चाकू शोधायला पेटी उघडली तर चाकू नाही. सून म्हणते, मी विकला. घरातलं कोणी ते मानत नाही. ज्या वर्षी चाकू गेला त्याच वर्षी तिच्या भावाचं लग्न झालं होतं.

"तिची सासू म्हणते, हिनं माहेरी देला," म्हातारे म्हणाले. "भावाच्या हाती. विकला असता तं मी एकदा समजून घेतो, गरिबी हाय. पण आमच्या पोरांचं लोखंड दुसऱ्या घरी देलं असन, तं हे घर तिचं नाही. मांडव टाकाच्या आधी मले पाहाचं हाय."

ती खाली फरशीकडे पाहत होती. "मी विकला," एवढंच म्हणाली.

मी आत गेलो. चाकू सापडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. माझ्याकडे प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी आहे. अडतीस नंबर. मनात म्हटलं, चला, आपल्या टापटिपीमुळे कोणाचं तरी घर वाचतंय. मी चाकू टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला.

म्हाताऱ्यांनी तो उचलला. पातं एका बोटाने सटकन उघडलं. त्यांनी ते मिटलं, पुन्हा उघडलं, टोक पाहिलं, मग सांधा नाकाशी नेला. आणि चाकू टेबलावर ठेवून दिला.

"हा नाही."

"मामाजी, हाच हाय," ती म्हणाली. "मी विकला, मले नाही समजणार?"

"मी हातात धरून लगन केलं त्याच्यानं. माह्या बापानं केलं. तो असा उघडत नव्हता, जोर लागे त्याले. याच्यात वासच नाही. हा तं दुकानातला हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी सभ्यपणे, "बाबूजी, तुम्ही चांगल्यासाठीच करून राह्यले, मले समजते. बाईमाणसाची अडचण पाहून दुसरा आणून ठेवला. पण असं नका करू."

मी रजिस्टर आणलं. माझ्याजवळ पुरावा होता. मी वाचून दाखवलं: किरनापूर बाजार, पातं साडेतीन इंच, वजन बहात्तर ग्रॅम, शिंगाची मूठ, पितळी खिळे दोन. काटा आणून वजनही करून दाखवलं. साफ केल्यामुळे ते एक ग्रॅमने कमी भरलं, तेही सांगितलं.

म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आम्ही कधी मोजला नाही, बाबूजी. लगनात धराचा चाकू, मोजाचा कायले?"

ते उठले, सुनेला चल म्हणाले. ती उठली नाही. ती माझ्या हाताकडे पाहत होती. रजिस्टर उघडं होतं आणि शेवटच्या रकान्यावर माझा अंगठा होता. मुद्दाम ठेवलेला होता, हे लिहिलंच पाहिजे. त्या रकान्यात काय आहे ते मला पाठ होतं. आणि म्हाताऱ्यांना पटेल असं त्या सगळ्या ओळीत तेवढंच होतं, हेही मला कळून चुकलं होतं.

"तेव्हा तुम्ही मनलं होतं, आत गंज हाय," ती म्हणाली. "खरंच गंज होता का?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "हळद होती. मला दिसली होती."

"हे तं तुम्ही आता सांगून राह्यले," म्हातारे म्हणाले. "मी वासाचं म्हटलं म्हणून."

मी अंगठा उचलला आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते सुनेपुढे केलं. "मले वाचता येत नाही. तू आठवी शिकली ना. वाच."

तिने बोट ठेवून वाचलं. माझं अक्षर बारीक आहे, तिला मराठीपेक्षा हिंदी वाचायची सवय असावी; ती एकेक शब्द सोडवत गेली.

"सांध्यात... हळद. लग्नघरचा. गंज सांगून... भाव पाडला. उतार... एकशे तीस."

मग तिने तेच पुन्हा एकदा वाचलं, या वेळी न अडखळता. मी सव्वीस वर्षं कागद तपासतो आहे. माझं स्वतःचं अक्षर मी इतक्या स्पष्ट आवाजात कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारे खाली बसले. त्यांनी चाकू पुन्हा हातात घेतला. म्हणाले, "म्हणजे तुम्हाले माहीत होतं, हा कसला चाकू हाय."

"हो."

"तरी धुऊन काहाडला."

चाकू साफ करायचा असतो, एवढंच उत्तर माझ्याजवळ होतं.

सुनेने रजिस्टर मिटलं. "पोरगीले ताप होता," ती म्हणाली, सासऱ्यांना की मला ते कळलं नाही. "हे नागपूरले कामावर होते, पैसा आला नव्हता. तपासणीले दोनशे मांगितले होते. मी भाव नव्हता सांगितला, बाबूजी. मले दोनशेच पाहिजे होते."

"मग?" बायकोने दारातूनच विचारलं.

"सत्तरच्या गोळ्या आणल्या. पंधरा दिवस ताप चालला. मग उतरला."

मी पाकीट काढलं. एकशे तीस मोजून टेबलावर ठेवले. तिने त्या नोटांकडे पाहिलं. "आता कायले?" एवढं म्हणाली. त्या नोटा तशाच राहिल्या, संध्याकाळी बायकोने उचलून ठेवल्या.

म्हाताऱ्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि सत्तर रुपये फरशीवर ठेवले. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "फुकटचं लोखंड मांडवात नाही चालत." मग बायकोकडे वळले. "बाई, चिमूटभर हळद असन घरात?"

बायकोने वाटीत हळद आणली, थोडं तेल घालून. त्यांनी पातं अर्धं उघडलं आणि अंगठ्याने सांध्यात हळद भरली, खूप वेळ, दाबून दाबून. मिटून पाहिला. चाकू जरा अडला. त्यांनी पुन्हा हळद भरली. नंतर खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यात चाकू गुंडाळला आणि सुनेला म्हणाले, "चल, गाडी सुटन." तिच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. पण ते गाठोडं त्यांनी स्वतःजवळ न ठेवता उंबऱ्यावर ठेवलं, आणि ते तिने उचललं. फाटकातून बाहेर पडताना ती पुढे होती, ते मागे. तिने वळून पाहिलं नाही.

त्यानंतर रजिस्टर मी पुन्हा चाळलं. एक्केचाळीस ओळी, प्रत्येकीत सांगितलेला भाव आणि दिलेला भाव. आधी माझी नजर दिलेल्या भावावर जायची. आता सांगितलेल्या भावाच्या रकान्यावर अडते. त्यातले किती भाव होते आणि किती गरजा, ते आता शोधून काढता येणार नाही. विकणारा कोण, हे लिहायला मी रकानाच ठेवला नव्हता.

महिन्याभरापूर्वी उकव्याच्या बाजारात एका माणसाकडे पितळी मुठीचा चाकू दिसला. एकशेवीस म्हणाला. मी फीत काढली नाही. विचारलं, "कशासाठी विकता?"

तो बिचकला. "घ्याचा हाय तं घ्या. चौकशी कायले?"

मी एकशेवीस दिले. त्याने नोटा घेतल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नोटांकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. आपण कमी सांगितले, असं त्याला वाटलं असावं. मी बसकडे वळलो तरी तो माणूस चाकू होता त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता.

तो चाकू अजून पिशवीतच आहे, रजिस्टरमध्ये नाही, त्या चाळिसांतही धरलेला नाही. सांध्यात काय आहे ते मी उघडून पाहिलेलं नाही.